ऊन दाखवलेली रेती

गोपिकाचा आवाज देवळापर्यंत आला. चौथीची पोरं पाढे म्हणत होती, ती एकदम थांबली.

"माय! काऊन केलं तू हे? काऊन हात लावला याले?"

आमची शाळा तेव्हा मारुतीच्या देवळात भरायची. जुनी शाळा नदीच्या काठाला होती, ती ऐंशी सालच्या पुरात बसली. रात्रीचा पूर होता म्हणून पोरं वाचली. देवळामागे दोन घरं सोडून पंचफुलाबाईचं घर. पोरांना पाढे चालू ठेवायला सांगून मी तिकडे गेलो.

अंगणात गोपिका एक लोखंडी नळी हातात घेऊन उभी होती. हातभर लांबीची, दोन्ही तोंडांना काळं कापड घट्ट बांधलेलं. तशाच आणखी दोन नळ्या ओट्यावर होत्या. पोरीचं तोंड लाल झालं होतं. पंचफुलाबाई समोर सूप घेऊन उभी. आपल्या लेकीला झालंय काय, हे तिला कळत नव्हतं.

"इचारा तिले, गुरुजी! इचारा काय केलं तिनं!"

"म्या काय केलं बाप्पा?" पंचफुलाबाई म्हणाली. "रेती ओली होती. चिंधीले बुरशीचा वास येऊन राह्यलता. म्हनलं, पोरगी एवढी नागपुराहून आली, एवढं जपून ठेव म्हने, आन् आपल्या घरी सडली तं काय तोंड दाखवाव? दोन दिवस चांगलं कडक ऊन दाखवलं. तीन नळ्या, तीन सुपं. इकडचा दाना तिकडे नाई होऊ देला. थंडी झाल्यावर जशीच्या तशी भरली."

"ऊन दाखवलं," गोपिका माझ्याकडे वळून म्हणाली. "आयकलं ना गुरुजी? चैताचं ऊन दाखवलं तिनं."

"मंग अंधारात ठेवाच्या आधी ऊन नाई दाखवत का? तू काय आभायातून पडली का? लहानपनापासून पाह्यलं नाई का तू?"

ते खरंच होतं. पंचफुलाबाईची नदीकाठी भाजीची वाडी. वांगी, दोडकी, कोहळी घेऊन ती वडनेरच्या आणि अल्लीपूरच्या बाजारात बसायची. तिच्या घरचं बियाणं उगवलं नाही असं कधी झालं नाही. बियाणं जपायचं म्हणजे आधी उन्हात वाळवायचं, मग गाडग्यात घालून वर राख, मग तोंड बांधून अंधाऱ्या कोपऱ्यात. पुरानंतर तर तिला ओलीची धास्तीच बसली होती. पुराच्या पाण्यात भिजलेलं सगळं बियाणं तिनं कुजताना पाहिलं होतं. गोपिका जाताना तिला सांगून गेली होती, अंधारात ठेवजो, कोणाले हात लावू देऊ नको. पंचफुलाबाईनं तसंच केलं. दुसऱ्या कोणाला तिनं हात लावू दिला नाही.

गोपिकानं नळी ओट्यावर आपटली. "यात आता काईच नाई राह्यलं. फेकून दे."

आणि ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

मी देवळात परतलो. पाढे कोणी म्हणत नव्हतं. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती. त्यातल्या एका पोरीनं विचारलंच, "गुरुजी, त्या नळीत होतं काय?"

पोरांनी विचारलं की सांगावं लागतं. राग आला असला तरी सांगावं लागतं.

"रेती होती," मी म्हणालो. "आता नीट ऐका. नदीतून वाहत येताना रेतीच्या दाण्याला ऊन लागतं. उन्हानं दाणा आतून रिकामा होतो. मग एखादा पूर त्याला कुठंतरी टाकून जातो, वर गाळ बसतो, आणि दाणा अंधारात जातो. आपल्या पायाखालच्या मातीतून फार बारीक किरण सतत निघत असतात. ते दिसत नाहीत. इतके थोडे असतात की आपल्याला त्यांचा त्रासही नाही. अंधारातल्या दाण्यात त्यांची शक्ती थोडीथोडी साठत जाते. वर्षानुवर्षं. मग कोणी तो दाणा अंधारातच काढला, अंधाऱ्या खोलीत नेऊन तापवला, तर साठलेलं सगळं उजेड होऊन बाहेर पडतं. डोळ्याला दिसणार नाही इतका तो उजेड असतो, पण यंत्राला दिसतो. उजेड जास्त निघाला तर दाणा जास्त वर्षं अंधारात होता."

"फुटाण्यावानी!" एक जण म्हणाला.

"फुटाणा फुटतो, हा फुटत नाही. पण तापवल्याशिवाय बोलत नाही, हे सारखं."

"गुरुजी, रोज रात्री तं अंधारच राह्यते. मंग रातभर भरत असन का तो?"

"भरतो. पण एका रात्रीत इतकं थोडं, की सकाळचं ऊन ते लगेच पुसून टाकतं."

मग ती पहिली पोरगी म्हणाली, "म्हंजे पंचफुलाआजीनं दाने रिकामे केले."

"हो."

"मंग त्याइचं वय आता किती झालं?"

"तापवून पाहिले तर ते म्हणतील, आम्ही आत्ताच आलो."

पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण त्या दाण्यांवर या पोरांचीच शाळा अडली होती.

त्याचं असं झालं. चार वर्षं देवळात काढल्यावर नवी शाळा मंजूर झाली. जागा पाहायला अभियंता साहेब जीपमधून आले. गावाच्या वरच्या अंगाला, रस्त्याला लागून एक मोठी सपाटी आहे. साहेबांनी बुटानं माती उकरली. "मऊ जमीन आहे, पाया सोपा जाईल. नदीही लांब आहे. इथं पाणी कधी आलेलं नाही." सरपंच बंडूजी म्हणाले, "नाई जी, आमच्या आज्यापासून नाई." झालं. जागा ठरली. सपाटीच्याही पलीकडे मुरमाचं बरड आहे, चांगलं उंच. ते दाखवावं म्हणून मी साहेबांच्या मागं मागं गेलो, तर ते म्हणाले, तिथं रस्ता नाही, खडकाला सुरुंग लावावे लागतील, आणि ते जीपमध्ये बसले.

शाळेच्या आधी शाळेची विहीर खोदायला घेतली. त्या वेळी गोपिका सुट्टीत घरी आलेली. ती माझ्या हाताखाली मुळाक्षरं शिकलेली पोर. पुढे नागपूरला भूशास्त्र शिकली आणि तिथंच संशोधन करायला लागली. हजारो वर्षांत आपल्या भागातला पाऊस कसा वाढत गेला, कसा कमी होत गेला, हा तिचा विषय. त्यासाठी ती नद्यांच्या दरडी पाहत फिरायची. विहिरीचा खड्डा दिसल्यावर ती उतरल्याशिवाय राहते का! उतरली, आणि वर आली तेव्हा मुठीत रेती होती.

"गुरुजी, नदी इथं येऊन गेली," ती म्हणाली.

तिनं मला खाली नेऊन दाखवलं. वर काळी माती, तिच्याखाली पिवळा गाळ, आणि त्यात मधेच वीतभर जाडीची स्वच्छ रेती. आपल्या नदीच्या पात्रात असते तशीच. खाली पुन्हा गाळ, पुन्हा रेती. तळाशी चुनखडे लागले होते. ते कोरड्या काळात तयार होतात, असं तिनं सांगितलं.

"रेती शांत पाण्यात येत नाई. मोठा पूरच तिले इतकी वर आनते. प्रश्न येवढाच हाय, कधी? दहा हजार वर्षांमागं आली असन तं खुशाल बांधा शाळा. तवाचा पाऊस येगळा, नदीचं पात्र येगळं. पन हजार वर्षांच्या आतली असन, तं तो पाऊस आपलाच आन् नदीबी हेच. मंग ते पुन्हा येऊ शकते."

रेतीत कोळसा नव्हता, हाड नव्हतं, वय काढायला दुसरं काहीच नव्हतं. म्हणून तिनं तीन थरांत तीन नळ्या ठोकल्या, काळ्या कापडाखाली. ज्या प्रयोगशाळेत हे मोजतात ती फार लांब, पश्चिमेकडे. तिथली जीप चैत्रात नागपूरला येणार होती, तेव्हा नळ्या न्यायच्या, तोवर त्या पंचफुलाबाईकडेच ठेवायच्या असं ठरलं. साहेबांना मी जाऊन भेटलो. ते म्हणाले, "आकडा आणा, मग बघू." तेवढ्यावर आम्ही थांबलो. दरम्यान विहिरीचं दगडी बांधकाम पूर्ण झालं आणि ते सगळे थर दगडांमागे गेले. आणि आता नळ्यांतली रेती सुपांतून फिरून आली होती. भूमिपूजन आठवड्यावर आलेलं.

संध्याकाळी देवळात माणसं जमली. रूपराव आधीच येऊन बसला होता. त्याची दोन पोरं माझ्याकडे होती, आणि शाळा सपाटीवर नको असं म्हणणाऱ्यांत तो पुढं होता. गोपिकाला पाहताच तो म्हणाला, "पोरी, मले सांग. हे ऊन खाल्लेली रेती यंत्रात घातली तं यंत्र काय म्हनन?"

"म्हनन का पूर आत्ताच आलता."

"मंग!" रूपरावानं मांडीवर थाप मारली. "मंग तू रडून काहाले राह्यली? हेच तं पाह्यजे आपल्याले! दे पाठवून. तुह्या मायनं तं कामच करून देलं."

माणसं हसली. एकदोघं म्हणाले, बरोबर हाय, दे पाठवून. पंचफुलाबाई खांबाला टेकून बसली होती. तिनं पहिल्यांदा मान वर केली.

"नाई काका," गोपिका म्हणाली.

"काऊन नाई?"

"ते खोटं हाय म्हनून."

"आन् बंडू खरं बोलून राह्यला का? पानी कधीच आलं नाई म्हने! तो साहेब खरं बोलून राह्यला का? बुटानं माती उकरून त्याले दिसलं सारं! सारे खोटे बोलतात ते चालते, आन् आपल्याच बारीनं तुले हरिश्चंद्र आठोला?"

"काका, मी ते पाठवलं, समजा. समजा शाळा थांबली. दोन वर्षानं दुसरं कोनी आलं, त्यानं दुसरा खड्डा खनला, त्याचा आकडा येगळा निघाला. मंग? मंग हेच बंडूकाका गावभर सांगन, पंचफुलाची पोरगी खोटारडी. मंग खरोखर पानी चढून आलं तरी माह्यं कोनी आयकनार नाई. आन् माह्यावानी पोरी दुसऱ्या गावात जातीन, त्याइचंबी नाई."

बंडूजी मागे उभे होते. ते केव्हा आले ते कोणी पाहिलं नव्हतं. ते पुढे आले आणि माझ्याशीच बोलले.

"गुरुजी, तुमी शानपनाचे मानूस. चार वर्सं झाले, पोरं देवयात बसून राह्यले. पावसात अर्धे ओले होतात. शाया मंजूर करून आनताना माह्या चपला झिजल्या. हे मंजुरी वापस गेली तं दुसरी तुमी आनान का? ही पोरगी आनन का? रेती तापवून?"

बंडूजींनी शाळेसाठी खरोखर खेपा घातल्या होत्या. म्हणूनच जास्त राग आला. इतक्या खेपा घालणाऱ्या माणसाला बरडापर्यंत रस्ता मागायला एक खेप जड झाली होती.

"साऱ्या गावाचं नुसकान केलं या बाईनं," मागून कोणीतरी पंचफुलाबाईला ऐकू जाईल असं बोललं. "येवढी एक रेती नाई सांभायता आली."

पंचफुलाबाई उठली, पदर खोचला आणि घरी गेली.

सकाळी मी शाळा उघडायला आलो तर सपाटीवरून टिकासानं खणल्याचा आवाज येत होता. भूमिपूजनासाठी चुन्याच्या रेघा मारून शाळेचा नकाशा जमिनीवर आखला होता. त्या रेघांच्या आत, बरोबर मधोमध, पंचफुलाबाई खड्डा खणत होती. काळी माती गुडघाभर निघाली होती. गोपिका बाजूला उभी राहून, माय ऐक, माय थांब, करत होती. पंचफुलाबाई ऐकत नव्हती.

"बोल किती खोल लागते तुही रेती."

"वरचा थर दीड मानूस तरी खोल हाय. माय, तुह्यानं नाई होनार."

"माह्या हातानं बिघडलं ना? मंग माह्याच हातानं निघन. तू नको सांगू मले काय होते आन् काय नाई होत. रातभर आयकलं म्या लोकाइचं."

तासाभरात बंडूजी आले. रेघा फिसकटलेल्या पाहून त्यांचा आवाज चढला. "पंचफुला! सरकारी आखनी हाय ते! कोनाले इचारून खोदून राह्यली?"

"पायवा खोदाच लागते ना शायेचा?" ती खड्ड्यातून म्हणाली. "मी फुकटात खोदून राह्यली. उपकार मान."

"साहेबाले काय सांगू मी?"

"सांग का घूस लागली."

कामावरच्या गड्यांनाही हसू आवरलं नाही. बंडूजी माझ्याकडे वळले, "गुरुजी, समजवा हिले." मी म्हणालो, "बंडूजी, मला नीट समजलं आहे. तुम्हालाच समजवायचं राहिलं आहे." असं मी आयुष्यात कोणाला बोललो नव्हतो. बंडूजी पाय आपटत गेले. साहेब तालुक्याला होते, त्यांना निरोप पोचून ते येईपर्यंत वेळ होता.

दुपारी रूपराव आला. काठावर बसून थोडा वेळ त्यानं चेष्टा केली, "बाई, पाताळात चालली का?" मग शिव्या घालतच सब्बल घेऊन खाली उतरला. माती वर ओढायला बाया आल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पिवळ्या गाळातून ती रेती निघाली. हातात घेतली तर गार लागली.

आता अडचण अशी होती की खड्डा उघडा होता आणि वर सूर्य. रात्रीपर्यंत थांबावं तर तोवर साहेबांची जीप येईल. गोपिका म्हणाली, "वरून गच्च झाकाव लागते. फटीतूनबी ऊन नाई पाह्यजे." बाया घरोघर गेल्या आणि गोधड्या घेऊन आल्या. एकीवर एक अशा त्या खड्ड्यावर पसरल्या, कडांना माती लोटली. गोपिका नळी आणि हातोडा घेऊन खाली, आणि तिला नळी धरायला पंचफुलाबाई. बाकी आम्ही गोधड्यांच्या कडा दाबून उन्हात बसलो. खालून आवाज येत होते.

"माय, आधी हे बाहेरची रेती खरड. हातभर आत जाऊ दे. तिनं ऊन पाह्यलं हाय."

खरवडल्याचा आवाज.

"मले काई दिसत नाई."

"दिसाले नाईच पाह्यजे. हात काढ. हात काढ, ठोकते मी."

"तू काऊन वरडली माह्यावर साऱ्या गावासमोर?"

"माय, आता?"

"मंग कवा? वर सारे बसून राह्यले."

वर सगळ्या बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या.

"चुकलं माह्यं. नळी सरळ धर."

"धरून राह्यली ना. तू सांगतलं असतं का ऊन दाखवू नको, तं म्या कशाले दाखवलं असतं? अंधारात ठेव, अंधारात ठेव. अंधारात तं मी ठेवतेच."

"हो माय. म्याच नाई सांगतलं. बियान्याचं माह्या ध्यानातच नाई आलं."

"येवढी शिकली आन् ध्यानात नाई आलं."

मग हातोड्याचे ठोके पडले, बराच वेळ. दोघी वर आल्या तेव्हा घामानं निथळत होत्या, केसांत माती. नळीच्या दोन्ही तोंडांना काळं कापड बांधलेलं, वर मेण. एकच नळी. खालच्या थरांपर्यंत जायला वेळच नव्हता. गोपिकानं ती नळी ओच्यात घेतली आणि अल्लीपूरहून मिळेल त्या बसनं नागपूरला निघून गेली. साहेब आले तेव्हा आम्ही खड्डा बुजवत होतो. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. "वेडी माणसं," असं बंडूजींना इतक्या मोठ्यानं म्हणाले की आम्हाला ऐकू यावं.

भूमिपूजन ठरल्या दिवशी झालं. आकडा येईपर्यंत थांबा म्हणून मी दोनदा तालुक्याला गेलो. साहेबांनी बसा म्हटलं नाही.

दिवाळी झाल्यावर गोपिका आली. तोवर सपाटीवर भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. साहेब त्या दिवशी काम पाहायला आलेलेच होते. आम्ही तिघं तिथं गेलो, गोपिका, पंचफुलाबाई आणि मी. चौथीची पोरंही आली, कारण ती माझ्या मागं येतातच.

"सातशे वर्षं," गोपिका म्हणाली. "दीड-दोनशे इकडेतिकडे. आणि ही वरची मर्यादा आहे, सर. पुराच्या गढूळ पाण्यात दाण्याला पुरेसं ऊन मिळत नाही, थोडं जुनं त्याच्यात शिल्लक राहतं. म्हणजे खरं वय याहून कमी असू शकतं. जास्त नाही."

साहेब हसले. अगदी मनापासून हसले. "सातशे वर्षं! अहो बाई, इमारतीचं आयुष्य आम्ही पन्नास वर्षं धरतो. सातशे वर्षांपूर्वीच्या पुराला घाबरून शाळा बांधायची नाही का?"

बंडूजीही हसले. त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. आणि मी ओरडलो.

"आधी तुम्ही म्हणालात इथं पाणी कधीच आलं नाही! तसं लिहून दिलं तुम्ही. आता आलं म्हणता, पण जुनं आहे म्हणता. सातशे वर्षं एवढी शांत बसली म्हणून आणखी सातशे बसेल, असं नदीनं तुम्हाला लिहून दिलंय का? त्या थराखाली आणखी दोन आहेत. ते कधीचे, ते आम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही त्यांच्यावर दगड रचलेत! वरची जंगलं तेव्हा उभी होती, आज उघडी आहेत. आज तेवढाच पाऊस आला तर पाणी तेव्हापेक्षा लवकर येईल. आणि तुमची इमारत पडली तर तुम्ही नवी मंजूर कराल, साहेब. या पोरांचं काय कराल?"

माझा आवाज फाटला. पोरं एकमेकांना चिकटून उभी होती. वीस वर्षांत त्यांनी, त्यांच्या मोठ्या भावंडांनी, कोणीच माझा असा आवाज ऐकला नव्हता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "काम इतकं पुढं गेल्यावर आता काही करता येत नाही," ते म्हणाले.

"गुरुजी चैतातच आलते तुमच्याकडे," पंचफुलाबाई म्हणाली. "तवा काम पुढं नव्हतं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शाळा पूर्ण झाली. चांगली बांधली होती, खोटं का बोलू. फरशी, खिडक्यांना गज, फळा भिंतीतच. उरलेल्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मी तिथं शिकवलं, पोरं खूश होती. पण जून लागायच्या आधी मी पालकांना सांगितलं की पावसाळ्याचे महिने मी पोरांना त्या इमारतीत बसवणार नाही. कोणाला पटलं, कोणाला नाही. पंचफुलाबाई, रूपराव आणि आणखी काही जणांनी बरडावर बल्ल्या रोवून वर टिना टाकल्या. बाजूला तट्टे. बरडावर चढायला पायवाट फोडली. शाळेतली निम्मी पोरं तिथं यायला लागली. उरलेल्यांना दुसरे गुरुजी खाली सपाटीवरच्या शाळेत शिकवत. ते नवीन होते, त्यांना नोकरी टिकवायची होती, त्यांच्यावर माझा राग नाही.

बंडूजी एकदा बरडाखाली येऊन उभे राहिले. "गुरुजी, बदली होईन तुमची."

"होऊ द्या."

"लोकं हासून राह्यले तुमाले. त्या पुराले पाच वर्सं झाले, नदी घाटाच्या वर नाई आली."

"हसू द्या," मी म्हणालो. "ती कधीच येऊ नये. जन्मभर लोकांनी मला हसावं."

त्यांची नात जयवंता तिसरीत होती. ती सपाटीवर बसायची, सरपंचाची नात म्हणून पहिल्या रांगेत.

श्रावणात एक दिवस सकाळपासून पाऊस धरून बसला. दुपारपर्यंत नदीचं पाणी वाड्यांत शिरलं. पंचफुलाबाईच्या वांग्यांचे शेंडेच दिसत होते. घाट बुडाला होता. पाणी सपाटीपासून अजून बरंच लांब होतं. तिथवर ते त्या दिवशी आलंच नाही, हेही सांगून ठेवतो. टिनांवरच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मी पोरांना पाटीवर चित्रं काढायला लावली होती.

तेवढ्यात पायवाटेनं एक छत्री वर येताना दिसली. बंडूजी होते. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, आणि छत्री पूर्ण जयवंताच्या डोक्यावर धरलेली. स्वतः ओलेचिंब. सपाटीवरच्या शाळेत तेव्हाही वीसेक पोरं बसलेली होती. त्यातून त्यांनी एकटी आपली नात उचलून आणली होती.

ते टिनाखाली येऊन उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"हिले बसू द्या जी आजच्या दिवस," ते म्हणाले.

आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता. साहेबावरही नाही. साहेबाला तरी ते पटलेलं नव्हतं.

"आणि बाकीची?" मी विचारलं.

बंडूजी छत्री मिटू लागले.

"रूपराव," मी म्हणालो. तो टिनांच्या दोऱ्या आवळायला आलेला होता. "खाली जा. सगळ्यांना घेऊन ये. गुरुजींनाही."

रूपराव पोतं डोक्यावर घेऊन पावसात पळाला. पोरांना मी सरकून बसायला सांगितलं. जयवंता थरथरत होती. तिला मी माझं उपरणं दिलं आणि मधोमध जागा करून दिली. बंडूजी बल्लीला धरून उभे होते, त्यांच्या पाठीवर टिनाची धार पडत होती. मी त्यांना आत या म्हटलं नाही.